भोपळा द्यायचा की घ्यायचा

लहानांनो आणि थोरांनो, जरा जवळ सरकून बसा. ही गोष्ट इतकी जुनी आहे की त्या वेळी जनावरं माणसांशी बोलत असत, आणि माणसंही अधूनमधून त्यांचं ऐकत असत.

त्या काळी कातळाच्या माळावर एक गाव होतं. गावात झाडं कमी, माती त्याहून कमी. पण गावाच्या मधोमध दगडी पायऱ्यांचं एक मोठं कुंड होतं आणि त्याला बारमाही झरा होता. प्यायचं पाणी वेगळ्या विहिरीवरून यायचं. हे कुंड वाडवडिलांनी फक्त पोहण्यासाठी खोदलं होतं, आणि गावाला दुसऱ्या कशाचा म्हणून अभिमान नव्हता.

गावातलं मूल नीट धावायला लागलं की त्याला कुंडावर नेत. पाठीला वाळवलेला कडू भोपळा बांधत. भोपळा आतून पोकळ, त्यात चार सुक्या बिया खुळखुळणाऱ्या. तो पाण्यात बुडत नाही आणि ज्याच्या पाठीला असेल त्यालाही बुडू देत नाही. मूल हातपाय मारायला शिकलं की एके दिवशी त्याला न सांगता भोपळा सोडून घेत. म्हणून त्या गावात कधी कुणी बुडालं नव्हतं. म्हाताऱ्यांच्या आठवणीत नाही आणि त्यांच्या म्हाताऱ्यांच्याही नाही. 'बुडणं' हा शब्द तिथे फक्त दिवसासाठी वापरायचे. दिवस बुडाला, चला घरी.

या गावात दोन भाऊ राहत होते. थोरला आणि धाकटा. आईबाप लवकर गेले होते, तेव्हा धाकट्याला आई म्हणजे थोरला आणि बापही थोरलाच. थोरला कुंडावर पोरांना पोहायला शिकवायचा. सगळं गाव त्याला दादा म्हणायचं, त्याच्याहून मोठी माणसंसुद्धा. तो सकाळी खांद्यावर भोपळ्यांची माळ टाकून निघाला की बिया खुळखुळत आणि घराघरातून पोरं बाहेर पडत.

आता एक गोष्ट सांगतो, ती गावाला ठाऊक नव्हती. ज्या दादानं सगळ्या गावाला पोहायला शिकवलं, त्याच्या सख्ख्या भावाला पोहता येत नव्हतं.

लहानपणी पहिल्याच दिवशी धाकट्याच्या पाठीची दोरी सुटली. नाकातोंडात पाणी गेलं. दादानं तेव्हाच उचललं, पण धाकटा जो पळाला तो पुन्हा पहिल्या पायरीखाली उतरला नाही. पोरं हसतील म्हणून दादानं सांगून टाकलं, "त्याला मी एकट्याला शिकवतो, पहाटे. तुम्ही उठायच्या आधी." गावानं ते खरं मानलं. दादाचा भाऊ आणि पोहता येत नाही, हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

धाकटा मोठा झाला. मिसरूड फुटली. दादा अधूनमधून म्हणायचा, "शिकवीन रे. तू नुसतं हो म्हण."

धाकटा म्हणायचा, "बघू."

माळाच्या खाली, उतरून गेलं की नदी होती आणि नदीच्या काठी दुसरं गाव होतं. तिथली माणसं होड्या चालवत, नदीच्या वाळूत वेली लावत. पण त्यांना पोहता येत नसे. तुम्ही म्हणाल, नदीकाठची माणसं आणि पोहता येत नाही? पण ती नदी ओढीची आणि भोवऱ्यांची होती. तिच्यात कुणी शिकत नसे. तिच्यात उतरलेला एक तर लगेच बाहेर येई, नाहीतर येतच नसे.

एका वर्षी नदीला पूर आला आणि भरली होडी उलटली. ओरडा माळापर्यंत ऐकू आला. दादा जेवत होता, तो हात न धुता एकटाच धावला. दिवसभर त्या गार पाण्यात बुड्या मारत राहिला. कितीतरी जणांना त्यानं बाहेर काढलं. कितीतरी जण त्याला सापडले नाहीत. संध्याकाळी तो घरी आला तो कुडकुडत, आणि खाटेवर पडला तो उठलाच नाही. ताप उतरेना.

दादा आजारी असतानाच नदीकाठची माणसं माळ चढून आली. त्यांच्यात एक मावशी पुढे होती, उंच, सुकलेली, तिचा नवरा त्याच होडीत गेलेला. ती गावाच्या पंचांना म्हणाली, "आमच्या पोरांना तुमच्या कुंडात उतरू द्या. पोहायला शिकू द्या. पूर काही यायचा थांबत नाही."

झालं. कातळावरच्या गावात वाद सुरू झाला.

कुणी म्हणे येऊ द्या. कुणी म्हणे आज दहा येतील, उद्या शंभर येतील, मग आपण पाय कुठे बुडवायचे? गावात एक तात्या होते, त्यांना प्रत्येक गोष्टीचा भाव ठरवायची आवड होती. ते काठावर मांडी ठोकून बसले.

"येऊ द्या की," तात्या म्हणाले, "पण फुकट कशाला? आपल्या वाडवडिलांनी कातळ फोडला तो काय बाहेरच्यांना डुंबायला? पोहायचं तर माणशी एक पायली धान्य. नुसते पाय सोडून बसायचं तर अर्धी. वरच्या कठड्यावरून उडी मारायची तर दुप्पट."

"आणि उडी मारताना पाणी आमच्या अंगावर उडालं तर?" कुणीतरी विचारलं.

"तर वेगळं," तात्या गंभीरपणे म्हणाले. "आणि शिकायचं नसेल, नुसतं बघायचं असेल, तर मूठभर."

"तात्या, मग तुम्ही आमचं किती देणं लागता? तुम्ही तर आयुष्यभर नुसते बघतच आलात."

सगळे हसले. पण ठरलं काहीच नाही. शेवटी पंचांतले म्हातारे आबा म्हणाले, "दादालाच विचारू. पाणी त्याच्या हाताखालचं. तो सांगेल तसं."

म्हणून सगळे दादाच्या खाटेभोवती जमले. धाकटा उशाशी बसून कपाळावर ओलं फडकं ठेवत होता. आबांनी वाकून विचारलं, "दादा, त्या लोकांकडून घ्यायचं काय?" आणि त्याच क्षणी पलीकडून तात्यांनी विचारलं, "अरे, पण त्यांना द्यायचं तरी काय?"

दोघांचे प्रश्न एकमेकांत अडकले. दादानं डोळे उघडले. दोघांकडे पाहिलं. तो हसला, अगदी पूर्वीसारखा, आणि म्हणाला,

"भोपळा!"

मग डोळे मिटले. त्यानंतर तो काही बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवसाचं ऊन त्यानं पाहिलं नाही.

त्या गावची एक रीत होती. गावाच्या कामाबद्दल मरणाऱ्या माणसानं जो शेवटचा शब्द सांगितला, तो गावानं पाळायचा. आणि त्या शब्दाचा अर्थ सांगायचा त्याच्या सर्वांत जवळच्या रक्तानं, सुतक फिटल्याच्या दिवशी, कुंडाच्या पायरीवर उभं राहून. एकदा सांगितलं की सांगितलं. ते मग कुणालाही बदलता येत नसे.

आता तुम्हीच बघा. भोपळा म्हणजे वेलीवर लागतो तो. आणि आपल्या बोलण्यात भोपळा म्हणजे काहीच नाही, हात हलवत परत जा.

मग दादाला म्हणायचं होतं तरी काय? त्यांच्याकडून काहीच घेऊ नका? की त्यांच्याकडून एकेक भोपळा घ्या? की त्यांना काहीच देऊ नका, पायरीसुद्धा नाही? की त्यांच्या पोरांच्या पाठीला भोपळा द्या आणि शिकवा?

सगळं गाव धाकट्याकडे बघायला लागलं.

धाकट्याला काही सुचत नव्हतं. दादाचं धोतर खुंटीवर तसंच होतं, ते त्यानं काढलं नाही. भाकरी करायला बसला की दोन थापायचा. दुसरी कुणाला द्यावी कळायचं नाही, म्हणून तीही स्वतः खायचा, मग पोटात दुखायचं. त्याला नदीकाठच्यांचा राग यायचा. ते बुडाले नसते तर दादा गेला नसता. मग दादाचा राग यायचा. जेवता जेवता उठायला कुणी सांगितलं होतं? मग ज्या फडक्यानं ताप उतरला नाही त्या फडक्याचाही राग यायचा. आणि मग कुणाचाच यायचा नाही, तेव्हा तर फारच वाईट वाटायचं.

लोक घरी येत आणि आपापला भोपळा सांगून जात.

तात्या म्हणाले, "सरळ आहे रे. भोपळा घ्यायचा म्हणजे भोपळाभर धान्य. त्याला मापच सांगायचं होतं."

शेजारची काकू म्हणाली, "तो तापात होता, बाळा. त्याला भूक लागली असेल. भोपळ्याचं भरीत त्याला किती आवडायचं."

आबा म्हणाले, "घाई करू नकोस. पण उशीरही करू नकोस." आणि निघून गेले.

धाकटा म्हणाला, "आबा, याचा उपयोग काय?"

आबा दारातून म्हणाले, "तेच तर मलाही कळत नाही."

शेवटी धाकटा एका सकाळी कुंडावर गेला. कुंडात एक म्हातारं कासव राहत होतं. ते बोलायचं, पण फार कमी, आणि विचारलं त्याचं उत्तर सहसा द्यायचं नाही. धाकटा वरच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "कासवबुवा, दादानं भोपळा म्हटलं ते कशाला?"

कासवानं मान बाहेर काढली. "मी तिथे होतो का?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही शहाणे आहात, म्हणून विचारलं."

"मी म्हातारा आहे," कासव म्हणालं. "तुम्ही लोक नेहमी चुकता. मी इथे तुमच्या गावाच्या आधीपासून आहे. मला कुणी गावातला म्हणत नाही आणि बाहेरचाही म्हणत नाही. माझ्याकडून कुणी पायलीही मागितली नाही. ते कसं, हे मला आजवर कळलं नाही. तुझ्या भोपळ्याचं मला काय कळणार?"

धाकटा उठायला लागला. तेव्हा कासव म्हणालं, "तो पहाटे यायचा."

"कोण?"

"तुझा दादा. रोज. दोन भोपळे घेऊन यायचा आणि या पायरीवर बसून राहायचा. पोहायचा नाही. उजाडलं की भोपळे टांगायचा आणि पोरांना हाक मारायला जायचा. मी एकदा विचारलं, हा दुसरा कुणाचा? तर म्हणाला, येईल तो."

धाकटा पुन्हा पायरीवर बसला. त्याला वाटायचं, पहाटे शिकवतो ही दादाची नुसती थाप होती. ती थाप नव्हती. दादा शिकवायला यायचा. शिकणारा यायचा नाही एवढंच.

कासव पाण्याखाली गेलं. वारा सुटला. कुंडाच्या भिंतीतल्या मोठ्या कोनाड्यात सगळे भोपळे टांगलेले होते, ते हलले आणि बिया खुळखुळल्या.

धाकटा झटकन वळला. कारण तो आवाज म्हणजे दादा येतोय.

कुणी नव्हतं. वारा पुन्हा आला, बिया पुन्हा खुळखुळल्या, आणि धाकटा पुन्हा वळला. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा तो ओरडला, कोनाड्याकडे धावला, आणि एकेक भोपळा ओढून दगडावर आपटायला लागला. लहान पोरांचे, मोठ्या पोरांचे, सगळे. तो थांबला तेव्हा एकही उरला नव्हता.

मग इतकं शांत झालं की ती शांतता त्याला त्या आवाजाहूनही असह्य झाली. तो खाली बसला आणि काठावर सांडलेल्या बिया वेचायला लागला. का वेचतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. वेचून त्यानं उपरण्याच्या टोकाला बांधल्या.

भोपळे फोडले हे गावाला कळलं. कुणी त्याला रागावलं नाही. त्यानंही त्याला बरं वाटलं नाही.

सुतक फिटलं. सगळं गाव कुंडावर जमलं. नदीकाठची माणसंही पोरांना घेऊन आली आणि दूर, कठड्याबाहेर उभी राहिली. धाकटा पायरीवर उभा राहिला. उपरण्याची गाठ त्यानं मुठीत धरली होती.

"सांग बाळा," आबा म्हणाले. "दादाच्या शब्दाचा अर्थ काय?"

धाकट्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. पण सगळे बघत होते. आणि त्याच वेळी त्याला आवाज आला. खुळखुळ. त्यानं वर पाहिलं. नदीकाठची मावशी कठड्याच्या आत येत होती आणि तिच्या खांद्यावर वाळलेल्या भोपळ्यांची माळ होती. अगदी दादासारखी.

धाकट्याच्या डोक्यात काय झालं ते त्यालाच सांगता आलं नसतं. त्याला वाटलं, ही दादाची नक्कल करतेय. त्याला वाटलं, दादा आलाय. दोन्ही एकाच वेळी वाटलं.

"कुणी येणार नाही इथे!" पायरी सोडून धावता धावता तो ओरडला. "भोपळा म्हणजे भोपळा! काहीच नाही! कुणालाच नाही! कुंड बंद!"

तो तिच्या खांद्यावरची माळ हिसकायला कडेकडेनं धावत होता. त्या कडेला शेवाळ होतं. ज्यांना पाण्यात उतरायची सवय, ते त्या कडेनं जात नाहीत. धाकट्याला ते ठाऊक नव्हतं. पाय सटकला आणि तो खोल पाण्याच्या बाजूला पडला.

पडला तो खाली गेला. मग डोकं वर आलं. तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. हात दोन्ही बाजूंना पसरून तो पाण्याला दाबत राहिला, जणू पाणी म्हणजे जमीन आहे आणि तिच्यावर हात टेकून उठायचंय. पुन्हा खाली गेला. पुन्हा वर आला.

आणि सगळं गाव काठावर उभं राहून बघत राहिलं.

ती माणसं दुष्ट नव्हती हो. सगळ्यांना पोहता येत होतं. पाच वर्षांची पोरंसुद्धा उडी मारून त्याला धरू शकली असती. पण बुडणारा माणूस कसा दिसतो, हे त्या गावानं कधी पाहिलंच नव्हतं.

"रडू दे त्याला पाण्यात," काकू डोळे पुसत म्हणाली. "दादाच्या पाण्यात मन मोकळं करतोय."

"श्वास कसला धरलाय बघा," तात्या म्हणाले. "शेवटी भाऊ कुणाचा!"

तेवढ्यात मावशी किंचाळली, "अरे बुडतोय तो!"

लोकांनी तिच्याकडे पाहिलं. "कोण? दादाचा भाऊ?"

"बुडतोय! माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, असंच बुडतात! ओरडत नाहीत!"

ती वाद घालत बसली नाही. तिला स्वतःला पोहता येत नव्हतं. ती पायऱ्या उतरून कमरेपर्यंत पाण्यात गेली, माळेचं एक टोक हाताला गुंडाळलं आणि बाकीची माळ जोरानं त्याच्याकडे फेकली. भोपळे पाण्यावर पडले आणि खुळखुळले.

धाकट्याला पाण्याखाली तो आवाज ऐकू आला. त्यानं त्या दिशेनं हात मारला. हाताला भोपळा लागला. त्यानं तो छातीशी धरला.

तेव्हा कुठे गावाला कळलं. मग एकदम वीसजणांनी उड्या मारल्या, एकमेकांच्या डोक्यावर आपटले, आणि त्याला वर आणलं. तात्यांनीही उडी मारली, धोतरासकट. बाहेर काढून पालथं घातलं, पाठ चोळली, पाणी काढलं. धाकटा श्वास घ्यायला लागला आणि श्वासाबरोबर रडायलाही लागला. दादा गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता.

"मला पोहता येत नाही," तो म्हणाला. "मला कधीच येत नव्हतं."

कुणी हसलं नाही. ज्या हसण्याला तो इतकी वर्षं भ्यायला होता, ते आलंच नाही. सगळे नुसते गोंधळून एकमेकांकडे बघत होते.

आबा मटकन खाली बसले. "आमच्या डोळ्यांसमोर," ते म्हणाले, "आणि आम्हाला दिसलं नाही."

धाकट्यानं मावशीकडे पाहिलं. ती पायरीवर बसून ओल्या लुगड्याचा पदर पिळत होती.

"मावशी, हे भोपळे कशाला आणले होते तुम्ही?"

"तुमच्याच दादाचा शब्द ऐकला म्हणून," ती म्हणाली. "भोपळा घ्यायचा म्हणाला, असं आमच्यापर्यंत आलं. म्हणून पोरामागे एक आणला. आणि तसेही हे आमच्याच वाळवंटातले. तुमच्या कातळावर कुठे वेल धरते? दादा दरवर्षी यायचा न्यायला."

"आम्हाला वाटायचं तो बाजारातून आणतो," तात्या म्हणाले. "तुम्ही घेत काय होता त्याचे?"

मावशी पहिल्यांदाच थोडी हसली. "तो विचारायचा, मावशी, काय देऊ? आम्ही म्हणायचो, भोपळा! तो पोट धरून हसायचा. भोपळे घेऊन जायचा आणि भोपळा देऊन जायचा."

धाकटा उठून बसला. "म्हणजे काही घेऊ नका, असंच त्याला म्हणायचं होतं? तुमच्यासारखं?"

"मला काय ठाऊक, लेका? मी त्या खाटेपाशी नव्हते. तू होतास."

"मी होतो," धाकटा म्हणाला. "पण मला कळलं नाही."

रीत म्हणत होती, अर्थ सांगायलाच हवा. आणि तो मघाशी एक अर्थ सांगून बसला होता. कुंड बंद. एकदा सांगितलं की सांगितलं. नदीकाठच्या लोकांनी पोरांचे हात धरले आणि ते माघारी वळायला लागले.

धाकट्याला तेव्हा कळलं. घाईनं ओरडलेला आपला एक शब्द दादाच्या शेवटच्या शब्दावर दगडासारखा बसला होता. आता दादाचा शब्द जन्मभर तसाच दाबलेला राहणार होता.

"आबा," तो म्हणाला, "मी कुठे उभा राहून सांगितलं?"

"इथेच. काठावर."

"काठावर नाही. अर्थ पायरीवर उभं राहून सांगायचा. मी तर धावत होतो. पायरी सोडली होती मी."

आबांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांना नियमातली फट लगेच दिसायची. ते भिजलेल्या मिशा पुसत म्हणाले, "खरं आहे. पाय शेवाळावर होते. शेवाळ म्हणजे काही पायरी नव्हे."

मग धाकटा उठला. तो पहिल्या पायरीवर गेला, आणि मग लहानपणानंतर प्रथमच दुसऱ्या पायरीवर उतरला, जिथे पाणी घोट्याला लागतं.

"दादाला नेमकं काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "मी पुष्कळ विचार केला. डोकं चालत नाही. दोन प्रश्न होते आणि त्यानं एकच उत्तर दिलं. म्हणून मी दोन्हीकडे तेच लावतो. जो बाहेरून येईल त्यानं एक भोपळा आणावा आणि इथे टांगावा. आणि जो येईल, मग तो कुठलाही असो, त्याच्या पाठीला आपण एक भोपळा बांधावा. दुसरं काही द्यायचं नाही आणि दुसरं काही घ्यायचं नाही."

"उडी मारायचं वेगळं?" तात्यांनी हळूच विचारलं.

"नाही, तात्या."

"बरं, बरं. आपलं विचारलं."

मग आबा मावशीपुढे उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "बाई, एक मागणं आहे. हे शुल्क नव्हे. पोरं पाण्यात असतील तेव्हा तुमच्यापैकी एकानं वर बसत जावं. आम्हाला पोहता येतं, पण बुडणारा ओळखता येत नाही."

तसंच झालं. कोनाडा पुन्हा भरला. कुंडात दाटी झाली, पाणी अंगावर उडायला लागलं, भांडणंही झाली. पण वरच्या पायरीवर नदीकाठचं कुणी ना कुणी बसलेलं असे. पुढच्याच उन्हाळ्यात कातळावरच्या एका चांगल्या पोहणाऱ्या पोराच्या पायात गोळा आला. तो न ओरडता खाली जायला लागला, तेव्हा गावातलं कुणी हललं नाही, वरच्या पायरीवरची नजर हलली, हाक गेली आणि पोराला वर काढलं. तो तात्यांचा नातू होता. तात्यांनी त्या दिवसापासून भाव ठरवणं सोडलं, असं म्हणतात. निदान पाण्याचे तरी सोडले.

नदीचा पूर काही थांबला नाही. पण पुढच्या पुरात होडी उलटली तेव्हा नदीकाठची पोरं पोहत काठाला लागली.

आणि धाकटा? उपरण्यात बांधलेल्या बिया त्यानं मावशीला दिल्या. तिनं त्या वाळवंटात लावल्या. वेल धरली, भोपळे लागले, वाळले. त्यातला पहिला ती त्याच्यासाठी घेऊन आली. एवढा मोठा मिसरूडवाला माणूस, पण लहान पोरांच्या रांगेत पाठीला भोपळा बांधून पाण्यात उतरला. आबा शिकवत होते. पोरं त्याला चिडवत होती, "काका, पाय मारा, पाय! बेडूक बघा आमचा!" तोही हसायचा, आणि मध्येच हसायचा थांबायचा.

तो पहाटे एकटाच जाऊन पायरीवर बसायचा. दोन भोपळे घेऊन. दुसरा कशाला, हे कासवानं त्याला विचारलं नाही.

एके दिवशी पोहता पोहता त्याला पाठ हलकी वाटली. मागे पाहिलं तर आबा काठावर त्याचा भोपळा हातात घेऊन उभे होते. केव्हा सोडला, कळलंच नव्हतं. तो पाण्यावर होता.

"काय रे," आबांनी काठावरून विचारलं, "कळलं का, दादाला काय म्हणायचं होतं ते?"

"भोपळा!" धाकटा ओरडला. तो हसत होता की रडत होता, ते भिजलेल्या तोंडावरून कुणाला ओळखता आलं नाही. वरच्या पायरीवर बसलेल्या मावशीला मात्र आलं.

लहानांनो आणि थोरांनो, या गोष्टीतून गाठीला बांधायचं ते इतकंच: जो सगळ्यांना बाहेर ठेवतो, त्याला बुडताना ओळखणारा माणूसही बाहेरच राहतो.